मेणाचा डावा हात

माझ्या बायकोच्या डाव्या थानात गाठ झाली होती. एवढं एक वाक्य लिहायला मला सकाळची दुपार झाली. गाईचं थान सुजलं तर मी चार माणसांत उभं राहून सांगतो. कुणाची म्हैस धार काढू देईना झाली तर खाली बसून दाबून बघतो. त्यात मला कधी काही वाटलं नाही. गावात माझ्या तोंडाला लोक भितात. संस्थानाचा कारकून पाहणीला आला होता तेव्हा, पड जमीन पिकाखाली लिहितोस, डोळे घरी ठेवून आलास काय, असं मी त्याला बांधावरून विचारलं होतं. पण बायकोचं हे दुखणं माझ्या तोंडातून वेळेवर निघालं नाही. त्याचं पुढं काय झालं ते लिहितो. शाळा मी दोनच यत्ता शिकलो, तीसुद्धा मारुतीच्या देवळात भरायची. अक्षर वेडंवाकडं आहे, पण लागतं.

आमचं गाव हिर्डोशीच्या वरच्या अंगाला, वरंध घाटाकडं. भात, नाचणी, दोन बैल, एक म्हैस. पोटी एकच मुलगी, ती मार्गासनीला दिलेली. घरात आम्ही दोघंच. लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचो.

त्या वर्षी लावणीच्या वेळी ती डाव्या हातात रोपांची मूठ धरीना. मी विचारलं, "हात का लटकतोय?"

"चिखलात पाय घसरला, वडला गेलाय."

"मग शेक की."

"शेकते."

आमचं बोलणं एवढंच असायचं. शेकते म्हणाली म्हणजे माझ्यापुरता तिचा हात बरा झाला. पुढं बघितलं तर हंडा उजव्या कडेवर घ्यायला लागली. जन्मभर डाव्या कडेवर घेणारी बाई. बघितलं आणि सोडून दिलं.

पंचमीला मुलगी माहेरी आली. तिनं आईला न्हाऊ घातलं, पाठ चोळली. न्हाणीतून बाहेर आली ती पदर तोंडाला लावूनच. मी गोठ्यात शेण ओढत होतो. दारात येऊन उभी राहिली.

"आबा, आईला भोरला दवाखान्यात न्या."

"का? काय झालंय?"

"मला इचारू नका. आईला इचारा."

आईला विचारलं. आई म्हणाली, "काय न्हाई, पोरगी भित्री हाय."

पुन्हा मुलीकडं आलो. ती म्हणाली, "आईच सांगंल."

"मी काय तुमा दोघींचं टपाल घिऊन फिरू काय दिवसभर?" मी ओरडलो. तेव्हा मुलगी रडायला लागली आणि तिनं स्वतःच्या छातीवर डाव्या बाजूला हात ठेवला.  मला कळलं. मी परत शेण ओढायला लागलो. शेण संपलं तरी ओढत होतो.

भोरला नेलं. मधे एक मुक्काम केला, कारण तिला आता एका दमात चालवत नव्हतं. दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता, स्वभावानं गरीब. त्यानं मला बाहेर बसवलं, पण दाराला नुसता पडदा होता, सगळं ऐकू येत होतं.

"चोळी सोडा मावशी. मी तुमच्या मुलासारखा आहे."

"मुलगा असता तर त्यालाबी दावलं नसतं."

"मग मला कळणार कसं?"

"कपड्यावरनं कळत असंल तेवढं बगा."

त्यानं बिचाऱ्यानं कपड्यावरूनच बघितलं. मला आत बोलावून म्हणाला, गाठ मोठी आहे, काखेतही गेली आहे, हात सुजतोय तोसुद्धा तिच्यामुळंच. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्या, कापून काढावी लागेल. मी बायकोकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती.

"कापायचं न्हाई," ती म्हणाली. डॉक्टरला नाही, मला.

वाटेत मी चिडलो, भांडलो, एवढ्या लांब आणून काय उपेग म्हणालो. ती चार पावलं मागून चालत होती. "मला मेलेलं चालंल," एवढंच म्हणाली, "पर कापलेलं न्हाई चालणार." 

माझा धाकटा भाऊ मुंबईला गिरणीत होता. गणपतीला गावी आला. त्याला आम्ही काही सांगितलं नाही, पण त्यानं तिचा सुजलेला हात बघितला. मनगटाला बांगडी रुतायला लागली होती. तो म्हणाला, "वैनी, वांद्र्याच्या टेकडीवर माउली हाय, तिच्या जत्रेला चला. आता चार दिवसांनीच लागतीया. फार जुनी हाय. कोळ्यांच्या जाळ्यात समुद्रातनं आली म्हनत्यात."

"कुणाची देवी?" तिनं विचारलं.

"किरिस्तावांची. कडेवर पोर हाय तिच्या."

"मग आपल्याला चालंल?"

"समदी जात्यात. आमच्या खात्यातला मुसलमान जॉबर, मुकादम आमचा, दर साली जातो. पारशिणी मोटारीत बसून येत्यात. जे दुखतंय ते मेणाचं करून ठेवल्यालं असतं तिथं. पाय दुखला तर मेणाचा पाय वाहायचा. डोळा दुखला तर डोळा."

बायकोचं माहेर वेल्ह्याचं, तोरण्याच्या पायथ्याचं. ती म्हणाली, "आमच्या मेंगाईला चांदीचं डोळं वाहत्यात, तसंच म्हना की." आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तरतरी आली. भाऊ बाहेर गेला तेव्हा मला म्हणाली, "ह्या देवीला दावायला लाज न्हाई. ती बाईच हाय, लेकुरवाळी."

पुण्याला न्यायचं म्हटलं तर उठायची नाही, आणि मुंबईला जायला लुगड्याची घडी करून बसली. भात पोटऱ्यात होतं, शेतात काम नव्हतं. म्हैस शेजाऱ्याच्या दावणीला बांधली आणि निघालो. भोरवरून मोटार होती, कोळशावर चालणारी. मागं चूल बांधल्यासारखं एक पिंप होतं, त्यात कोळसे घालायचे आणि वारा घालायचा. चढाला लोक उतरून चालायचे. भाटघरचं धरण तुडुंब भरलं होतं. बायको म्हणाली, "एवढं पानी कुणाचं?"

"खालच्या लोकांच्या उसाचं. पडतं आपल्यात, जातं त्यांच्यात."

ती हसली. त्या प्रवासात ती बरीच हसली, हे मला आता आठवतं तेव्हा जिवाला लागतं.

वांद्र्याला उतरलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. टेकडी आमच्या डोळ्यांना टेकडीसारखी वाटली नाही, आमच्याकडं असल्याला उंचवटा म्हणतात. पण तिला चढताना दम लागला. पलीकडं समुद्र होता. पायऱ्यांच्या खाली दोन्ही बाजूंनी दुकानं लागली होती, चणे, मिठाई, माळा, मेणबत्त्या. लोक बूट घालूनच वर जात होते. बायकोनं ते बघितलं आणि भावाला म्हणाली, "भावजी, देवीपुढं पायतान?" भाऊ म्हणाला, त्यांच्यात चालतं. "त्यांच्यात चालंना का, आपल्यात चालत न्हाई," म्हणून तिनं माझ्या वहाणा काढायला लावल्या. भावालाही काढायला लावल्या. मग वहाणा चोरीला जातील म्हणून भाऊ खालीच राखण बसला. वर आम्ही दोघंच.

तिथंच सगळं अडलं. भाऊ बरोबर असता तर काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. कदाचित त्याच्यासमोर मला आणखीच लाज वाटली असती. पण माणूस असा विचार करतोच.

पायऱ्या संपतात तिथं मेणाच्या वस्तू विकायला एक बाई बसली होती. आमच्या बायकांसारखंच लुगडं, गळ्यात क्रूस. तिची मराठी कोळ्यांच्या मराठीसारखी लागली, पण कळत होती. तिच्यासमोर फळीवर ओळीनं मांडलेलं. पाय, हात, डोकी, डोळ्यांच्या जोड्या, पाळण्यातलं बाळ, एक घरसुद्धा. सगळं पिवळट पांढरं. बायको दहा पावलं मागं भिंतीला टेकून उभी राहिली. असल्या ठिकाणी बाईनं पुढं व्हायचं नाही, बाप्यानं घ्यायचं, ही आमची रीत.

"ये बाबा," बाई म्हणाली. "कोन आजारी हाय?"

"मंडळी."

"ती मागं उभी हाय ती? बरी दिसते की. काय दुखतंय तिचं?"

 माझ्या मागं दोन बाप्ये येऊन उभे राहिले होते, गिरणीतलेच असणार, टोपी घातलेले, विड्या ओढत होते.

"डोकं?" बाई म्हणाली. "पोट? पोर होत नाय?"

"साठीचा म्हातारा हाय तो," मागचा एक म्हणाला. "पोर मागायला आलाय व्हय!" दोघं खिदळले.

"तुमी गप बसा रे," बाई त्यांच्यावर खेकसली. मग माझ्याकडं वाकली, आवाज बारीक केला. फळीच्या एका टोकाला एक फडकं पसरून ठेवलं होतं, त्याच्याखाली काहीतरी होतं. तिनं फडक्यावर हात ठेवला. "बायकांचं काय असंल तर ते पन हाय बाबा. हिकडं झाकून ठेवलंय. लाजू नको. सांग नुसतं."

तिनं फडकं अर्धं उचलून दाखवलं. मला दिसलं. जे पाहिजे होतं तेच होतं. माझ्यापासून एका हातावर.

आणि मी म्हटलं, "हात. हात दुखतो तिचा."

"कंचा?"

"डावा."

"डावा," ती म्हणाली, आणि ओळीतला एक डावा हात उचलून कागदात गुंडाळून दिला. मला तो परत ठेवता आला असता. मी दोन पावलं गेलो आणि मागं वळून बघितलं. ते दोघं बाप्ये फळीपाशी वाकले होते, एकानं मेणाचं डोकं उचलून दुसऱ्याला म्हटलं, "हे घे तुला, तुझ्यात कायच न्हाई." आणखी चार माणसं आली. मी परत गेलो नाही.

बायकोनं कागद उघडला. बोटं होती त्याला पाचही, अंगठ्याचं नखसुद्धा काढलं होतं. तिनं हात बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

"ह्यो हात?"

"हातबी दुखतोच की तुजा."

"दुखतोय की."

"मग? हातानंच सुरू झालं."

तिनं कागद परत गुंडाळला. मी म्हटलं, "गर्दी हाय, चल." आणि पुढं चालायला लागलो. ती मागून आली.

आत मोठं दालन, उंच, घंटा वाजत होती, मेणबत्त्यांचा वास. माउली समोर, कडेवर मूल, डोक्यावर मुकुट. बायका एका रांगेत, बाप्ये दुसऱ्या. तिथं एक माणूस उभा होता, लोक आपलं आणलेलं त्याच्याजवळ द्यायचे, तो बाजूला ठेवायचा. माझ्या रांगेतून मला ती दिसत होती. तिचा नंबर आला. तिनं मेणाचा हात दोन्ही हातांत धरला आणि वर बघत उभी राहिली. बराच वेळ उभी राहिली. मागच्या बाईनं तिला कोपरानं ढोसलं. मला वाटलं ती सांगते आहे. सगळं सांगते आहे. देवी बाई आहे, समजून घेईल, मेणाचं काय एवढं. मी तसं धरून चाललो. मग तिनं हात त्या माणसाला दिला आणि पदर सारखा करून पुढं झाली.

बाहेर आल्यावर विचारलं, "सांगितलंस का नीट?"

"सांगितलं."

"समदं?"

"समदं म्हंजे? जे वाहिलं ते सांगितलं." आणि खाली उतरायला लागली. समुद्राकडं बघून म्हणाली, "लई पानी हाय. हे तरी कुणाच्या उसाचं न्हाई ना?"

मी हसलो. काय वाहिलं आणि काय सांगितलं याचा विचार त्या वेळी केला नाही. खरं तर केला, आणि ढकलून दिला.

घरी आलो. दसऱ्याच्या सुमाराला तिच्या हाताची सूज उतरली. मी खोटं लिहीत नाही. हातातली बांगडी परत फिरायला लागली. मनगट दिसायला लागलं. नाचणीची कणसं खुडायला ती शेतात आली. एके दिवशी हंडा डाव्या कडेवर घेऊन आली आणि माझ्यापुढून मुद्दाम गेली.

"बगितलं का?"

"बगितलं."

"माउलीनं दिला बगा हात."

मी म्हटलं, "आणि दुसरं?"

ती हंडा उतरवायला आत गेली.

दुसरं वाढतच होतं. दिवाळीत चोळीला डाग पडायला लागले. ती आपली चोळी आपणच धुवायची, मागच्या कुंपणावर, दुसऱ्या कपड्याखाली वाळत घालायची. घरात वास यायला लागला तसा ती कडुनिंबाचा पाला उकळून लावायला लागली. मला जवळ येऊ द्यायची नाही. मुलगी येऊन आठ दिवस राहिली, गेली, परत आली. भात कापून झालं, झोडून झालं. मी खळ्यावर असायचो आणि ती ओट्यावर भिंतीला टेकून. बसणं तिला जमत होतं, पडणं जमत नव्हतं.

एके दुपारी मुलगी पाण्याला गेली होती. मी ओट्यावर सुंभ वळत बसलो होतो. मी विचारलं, "त्या दिवशी तिथं एवढा येळ काय सांगत व्हतीस?"

"कुठं?"

"माउलीपुढं."

तिनं भिंतीला पाठ नीट टेकली. मग म्हणाली, "हात मागितला."

"नुसता हात?"

"मग? हातात हात धरून दुसरं कसं मागू? ती काय येडी हाय? वाहिला हात आणि मागितली छाती, म्हंजे फसवाफसवी झाली की. मी म्हनलं, माउली, हात वाहिलाय, तर हात तेवढा बरा कर, पानी भरता येऊ दे, भाकरी थापता येऊ दे."

माझ्या हातातलं सुंभ सुटलं. "मग मला तिथंच का बोलली न्हाईस? दहा पावलांवर व्हतं ते दुकान! मी परत गेलो असतो."

"गेला असता?"

मी सुटलेलं सुंभ गोळा करायला लागलो.

"चाळीस वर्सं झाली आपल्या लग्नाला," ती म्हणाली. "तुमी मामलेदाराला शिव्या देताना बगितलं, सासऱ्याला उलट बोलताना बगितलं. लाजताना कवा बगितलं नव्हतं. कान लाल झाल्ते तुमचे. मला दया आली." आणि खोकत खोकत हसली. "म्हनलं जाऊ दे. बिचारा हात घिऊन आलाय."

हे ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच दिवशी मी कार्ड लिहायला घेतलं. स्वतः मुंबईला जायचं म्हणजे तिला सोडून जायचं, आणि ती आठ दिवस काढील असं वाटत नव्हतं. शाळामास्तराकडून लिहून घेणं शक्य नव्हतं. दोन यत्तांच्या अकलेनं मी भावाला लिहिलं: चिरंजीव भाऊस आशीर्वाद. तुझ्या वैनीचा नुसता हात नव्हता दुखत. डाव्या थानात गाठ आहे. माझी चूक झाली. टेकडीवर बाईजवळ फडक्याखाली मेणाचं थान मिळतं, ते घेऊन माउलीला वाहा आणि वैनीच्या वतीनं नीट सांग. लवकर कर.

आमच्याकडं टपालवाला बाजाराच्या दिवशी यायचा. गावात वाचता येणारी माणसं कमी, म्हणून आलेली कार्डं तोच चावडीपुढं मोठ्यांदा वाचून दाखवायचा. त्यामुळं कुणाचं कुठं लग्न ठरलं, कुणाची गाय व्याली, हे गावाला घरच्यांच्या आधी कळायचं. जाणारं कार्डही तो पिशवीत टाकायच्या आधी वाचायचाच, ती त्याची खोड. मी कार्ड त्याच्या हातात दिलं. त्यानं उभ्या उभ्या वाचलं. मग माझ्याकडं न बघता पिशवीत टाकलं.

"पोचंल का लवकर?" मी विचारलं.

"पोचंल तात्या," तो म्हणाला. एरवी तो मला थट्टेनं सरकार म्हणायचा.

बायकोला सांगितलं, असं असं पत्र टाकलंय. ती म्हणाली, "तसंच लिहिलं? त्याच शब्दानं?"

"त्याच."

"अगं बाई," ती म्हणाली, आणि पदरानं तोंड झाकून घेतलं. पण तिला बरं वाटलं होतं. दोन वेळा पेज प्याली.

पुढच्या बाजाराला काही आलं नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला टपालवाला चावडीवर थांबला नाही, सरळ माझ्या दारात आला. वाचून दाखवू का असं म्हणाला नाही. कार्ड हातात दिलं आणि गेला. मी खळ्याच्या कडेला जाऊन एकेक अक्षर लावलं. भाऊ चार यत्ता शिकलेला, त्याचं अक्षर माझ्याहून बरं.

तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार. आपले पत्र पोचले. मी टेकडीवर गेलो. दोन रविवार गेलो. बाई होती. मला ते मागता आले नाही. फार प्रयत्न केला. वैनीच्या नावाने मोठी मेणबत्ती लावली आहे. क्षमा करावी.

मी ते तीनदा वाचलं. त्याला शिवी द्यायला तोंड उघडलं आणि शिवी आली नाही. कुठल्या तोंडानं देणार.

ओट्यावरून तिनं हाक मारली. "भावजींचं हाय का?"

"व्हय."

"मग हिकडं या की. मोठ्यांदा वाचा."

मी जाऊन तिच्यापाशी बसलो. मुलगीही चुलीपुढून उठून आली. मी कार्ड डोळ्यांपुढं धरलं आणि वाचलं, तीर्थस्वरूप दादास साष्टांग नमस्कार. आपले पत्र पोचले. मी टेकडीवर गेलो. इथपर्यंत कार्डावरचंच होतं. पुढं मी म्हटलं, सांगितलं तसं घेतलं, माउलीला वाहिलं, वैनीचं सगळं सांगितलं.

"एवढंच?"

"माउलीच्या पायाशी ठेवलं म्हनून लिहिलंय."

"लाजलं असतील भावजी."

"तसं काय लिहिलं न्हाई."

ती डोळे मिटून विचार करत होती. मग म्हणाली, "कापडात गुंडाळून नेलं का उगडंच?"

मी कार्डाकडं बघितलं. "कापडात."

"बरं केलं," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी ती गेली. मुलगी तिच्या तोंडात पाणी घालत होती.

भाऊ दहाव्याला आला. नदीवर दोघांनी डोकी केली. त्याला बोलायचं होतं, तो सारखा "दादा, ते" म्हणून थांबायचा. मी त्याला म्हटलं, "तुजं पत्र मी तिला येगळं वाचून दावलं. तू वाहिलंस असं सांगितलं. आता कुणी इचारलं तर तू तेच म्हन." तो तेच म्हणाला. पोरगीसमोर म्हणाला, भावकीत म्हणाला. टपालवाल्याला खरं माहीत आहे, पण तो बोलला नाही.

त्याचं झालं असं की आता गावात बोलतात, एवढ्या लांब गेली, एकदा न्हवं दोनदा वाहिलं, तरी माउलीनं काय ऐकलं न्हाई. परक्यांची देवी आपल्याला कशी पावंल, म्हणतात. हे माझ्या समोर म्हणतात. मला ओरडून सांगावंसं वाटतं, अरे, तिच्यापुढं ते कुणी ठेवलंच न्हाई. जे ठेवलं ते तिनं दिलं. पण हे सांगितलं तर भाऊ खोटा पडतो, आणि मुलीला कळतं की आईला शेवटी बापानं काय वाचून दाखवलं. म्हणून मी ऐकून घेतो.

परवा शेजारी आला. ज्याच्या दावणीला म्हैस ठेवली होती तोच. ओट्यावर बसला, तंबाखू मळली, पावसाचं बोलला, बैलाचं बोलला. मग म्हणाला, "आमच्या मंडळीला बरं न्हाई. तिचं म्हननं हाय, माउलीला जाऊ. पर तुमास्नी तर गुण आला न्हाई."

"जा तू," मी म्हटलं.

"पर तुमचं..."

"माजं ऱ्हाऊ दे. तुजीचं काय दुखतंय?"

तो तंबाखू मळत राहिला. "गुडघा," म्हणाला.

"गुडघा?"

"गुडघाच धरा."

"धरायचं न्हाई!" मी एवढ्या मोठ्यांदा ओरडलो की त्याच्या हातातली तंबाखू सांडली. "घरला जा. तिच्यापुढं बस आणि तिला इचार. आन काय ते इथं यिऊन मला तोंडानं सांग. तेवढं तुला सांगता आलं तर मग जा मुंबईला."

तो उठला. "बघतो," म्हणाला, आणि बांधावरून गेला. त्याला आज पाच दिवस झाले. दारावरून दोनदा गेला, खाली मान घालून. मी हाक मारली तर गुरं सुटलीत म्हणाला.